चिऱ्याच्या भिंतीत वाढीव पॉवर पॉइंट घ्यायचे आहेत: खाच मारावी का, आणि लाइन कुठून आणावी?

माजघर
माझं रत्नागिरीजवळचं गावचं घर. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, ९ इंची, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा. छप्पर कौलारू, माजघर आणि स्वयंपाकघरावर लाकडी माळा. मीटर आणि मेन ओटीवर. तिथून स्वयंपाकघरापर्यंत सरळ अंतर साधारण ९ मीटर. वायरिंग जुनं, भिंतीवरच्या लाकडी पट्टीवरचं. मेनला किटकॅट (तार बदलायचे जुने) फ्यूज आहेत, एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंटच्या गळतीला पडणारा स्विच) काहीच नाही.

स्वयंपाकघरात पश्चिमेच्या भिंतीवर एकच बोर्ड आहे. त्यावर दोन दिवे, एक पंखा आणि एक ५ अँपिअरचा सॉकेट. त्यातच फ्रिज, आणि फ्रिज काढून मिक्सर. आता हवं आहे ते असं: फ्रिजला कायमची जागा, ओट्यावर मिक्सर आणि किटलीसाठी दोन पॉइंट, २००० वॅटच्या इंडक्शनसाठी एक, आणि माजघरात लॅपटॉप, राउटर, मोबाइलसाठी दोन ठिकाणी दोन-दोन सॉकेट.

प्रश्न तीन. चिऱ्याच्या भिंतीत पाइप गाडता येतो का, की चिरा फुटतो? वायरमन म्हणतो जुन्या बोर्डातूनच लूप मारून (म्हणजे तिथूनच वायर पुढे ओढून) देतो, ते चालेल का? आणि सामान किती लागेल?

आणखी एक गोष्ट, कदाचित संबंधित असेल: अनवाणी उभं राहून फ्रिजच्या दाराला हात लावला की हाताला झिणझिण्या येतात.

तारजोडणी
आधी दुसरा प्रश्न, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. जुन्या बोर्डातून लूप घेऊ नका.

त्या बोर्डाला येणारी वायर दिवे-पंख्यांसाठी ओढलेली आहे. पट्टीवरच्या जुन्या कामात ती बहुतेक एक एमएमची (म्हणजे एक चौरस मिमी छेदाची) निघते. कधी तांब्याची, कधी ॲल्युमिनियमची. तुमच्या यादीतला भार मोजा: इंडक्शन २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर, किटली १५०० वॅट म्हणजे साडेसहा, मिक्सर ७५० वॅट म्हणजे सव्वातीन. सकाळी सात वाजता ही तिन्ही एकदम चालू असतात. झाले साडेअठरा अँपिअर, फ्रिज वेगळाच. एवढा करंट त्या वायरला झेपत नाही. फ्यूज उडत राहतो, मग कुणीतरी किटकॅटमध्ये जाडी तार घालतं, आणि त्यानंतर फ्यूजच्या जागी वायर जळते. लाकडी माळ्याच्या घरात ही गोष्ट अजिबात हलक्यात घेऊ नका.

ओटीवर नवा डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, एमसीबींची पेटी) बसवा आणि तिथून तीन स्वतंत्र सर्किट काढा.

पहिलं फक्त इंडक्शनसाठी: अडीच एमएम वायर, १६ अँपिअरचा सी-कर्व्ह (क्षणिक झटक्याला लगेच न पडणारा) एमसीबी, शेवटी एक १६ अँपिअरचा सॉकेट. यावर दुसरं काहीही जोडायचं नाही.

दुसरं स्वयंपाकघरातल्या बाकीच्या तीन पॉइंटसाठी: पुन्हा अडीच एमएम, १६ अँपिअर एमसीबी. मिक्सर आणि फ्रिजला ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो, पण ६ आणि १६ दोन्ही पिना बसणारा जोड-सॉकेट घ्या, कारण किटलीची पिन काही वेळा जाडी येते. वायर मात्र तिन्हीकडे अडीचचीच. पुढे कोण कुठे काय लावेल याचा नेम नसतो.

तिसरं माजघरासाठी: दीड एमएम, १० अँपिअर एमसीबी, चार सॉकेट ६ अँपिअरचे.

प्रत्येक सर्किटला स्वतःची फेज, स्वतःचा न्यूट्रल आणि स्वतःची अर्थ. या ‘स्वतःचा न्यूट्रल’ गोष्टीकडे नीट लक्ष द्या. आरसीसीबी बसवल्यावर तीच आडवी येते.

वीजबिलावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिला आहे तेही बघा. जुन्या घरांना तो अगदी कमी असतो. इंडक्शन आणि किटली आल्यावर तो वाढवून घ्यावा लागेल, नाहीतर मीटरपर्यंतची सर्व्हिस वायरच अपुरी पडते. भारवाढीच्या अर्जासाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तेव्हा हे काम अशाच माणसाकडून करून घेतलं तर दोन्ही एकदम होतं.

खाणवाट
चिऱ्याबद्दल सांगतो. खाच मारता येते, पण विटेच्या भिंतीसारखी नाही.

विटेत कटरच्या दोन समांतर रेघा मारल्या की मधला भाग छिन्नीने सरळ सुटतो. जांभा एकजीव नसतो. त्यात मऊ पिवळी-तांबडी माती, पोकळ भोकं आणि मध्येच लोखंडासारखे कडक गोटे असतात. कटरची पाती गोट्यावर गेली की उडी मारते, आणि पोकळीजवळ कड ढासळते. ३० मिमीची खाच मारायला जावं तर ६० मिमीची होते. म्हणून जांभ्यात कटर फक्त गिलाव्यापुरता वापरायचा. गिलाव्याच्या दोन स्वच्छ रेघा कापून घ्या, पुढे आतला चिरा अरुंद टोकाच्या छिन्नीने, हलक्या हाताने. ब्रेकर मशीन लावू नका. विशेषतः घर जुनं असेल आणि आतले दर्जे (चिऱ्यांमधले सांधे) मातीचे असतील तर हादऱ्याने दर्जा सुटतो, आणि वरचे चिरे हलले की गिलाव्याला मोठ्या भेगा पडतात.

काम सुरू करण्याआधी कुठेतरी आडोशाला एक भोक पाडून गिलाव्याची जाडी मोजा. चिऱ्याचा दर्शनी भाग खडबडीत असल्याने गिलावा बराच जाड बसलेला असतो, बहुधा २० ते २५ मिमी. तेवढा असेल तर २० मिमीचा पाइप जवळजवळ गिलाव्यातच मावतो आणि चिऱ्याला जेमतेम १० मिमी खरवडावं लागतं. पाइपावर वरून निदान १० ते १२ मिमी मसाला राहिला पाहिजे, नाहीतर पाइपाच्या रेषेत केसासारखी भेग उमटते आणि कितीही रंग मारला तरी दिसत राहते.

खोलीचा नियम: उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून नको. ९ इंची भिंतीत उभीला ७५ मिमी आणि आडवीला ३८ मिमी मिळतात, म्हणजे भरपूर. पण मधली पडभिंत साडेचार इंची असेल तर आडवीला जेमतेम १९ मिमी उरतात. तिथे आडवी खाच मारायचीच नाही. तिरकी खाच तर कुठल्याच भिंतीत नको. ती भिंत कापतेच, शिवाय पाच वर्षांनी कुणी फोटो टांगायला खिळा ठोकला की नेमका पाइपात. पाइप नेहमी बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली असला की कुणालाही अंदाज येतो.

तुमच्याकडे माळा आहे, ही मोठी सोय. आडवा सगळा प्रवास माळ्यावरून करा, तुळईच्या कडेने पाइप क्लॅम्पने बसवून. भिंतीत फक्त उभ्या खाचा, वरून ओट्याच्या वर वीतभर उंचीपर्यंत. माळ्यावर उघडी वायर किंवा लवचीक पाइप टाकू नका, उंदीर कुरतडतात. कडक पीव्हीसी पाइपच वापरा, जाड भिंतीचा.

बॉक्ससाठी खड्डा करताना दर्जावर करू नका, एका चिऱ्याच्या मधोमध करा. मॉड्युलर बॉक्स साधारण ५० मिमी खोल असतो. भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही बॉक्स येणार असेल, जसा तुमच्या माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत येऊ शकतो, तर दोन्ही पाठीला पाठ लावून बसवू नका. निदान एक फूट बाजूला सरकवा.

बॉक्स बसवायला १:४ चा सिमेंट-वाळूचा मसाला. आधी खड्डा पाण्याने चांगला भिजवा. कोरडा जांभा मसाल्यातलं पाणी क्षणात शोषतो आणि मसाला भुगा होतो. पाइप अडकवायला पीओपी लावायची सवय असते काहींना, लवकर सुकतं म्हणून. कोकणात ते नको. ओल धरतं आणि पावसाळ्यात चुन्यासारखं मऊ पडतं. बॉक्सचं तोंड कागदाचे बोळे घालून बंद करा, म्हणजे स्क्रूच्या आट्यांत मसाला जाणार नाही. गिलाव्याचा जोड जिथे येतो तिथे खाचेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जाईल अशी चिकन मेश ठोका, मग मसाला, मग नीरू (चुन्याचा गुळगुळीत थर). सात दिवस पाणी मारा.

तांबडी धूळ भयंकर उडते. मास्क, चष्मा, आणि दारांना ओला कपडा.

पागोळी
खाणवाट यांचं चिऱ्याचं गणित बरोबर आहे, पण माझं मत वेगळं आहे: पश्चिमेच्या भिंतीला हात लावू नका. कोकणात पाऊस नैऋत्येकडून येतो आणि चार महिने तीच भिंत झोडपली जाते. जांभा पाणी पितो. बाहेरच्या गिलाव्याला एखादी भेग असली तरी ऑगस्टपर्यंत ओल आतल्या अंगाला येते. त्या भिंतीत पाइप गाडला की पाइपात घाम धरतो, पाणी उतारावरून थेट बॉक्समध्ये येतं, आणि मेटलचा बॉक्स दोन पावसाळ्यांत गंजून स्क्रूचे कान तुटतात.

ओटा पश्चिमेच्या भिंतीला असेल आणि दुसरा पर्याय नसेल तर खाच न मारता बाहेरून पाइप घ्या. २० मिमीचा पांढरा पाइप, दर दोन फुटांना सॅडल, सॅडलच्या खाली स्पेसर म्हणजे पाइप भिंतीपासून थोडा सुटा राहतो, आणि शेवटी भिंतीवर बसणारा प्लास्टिकचा सरफेस बॉक्स. दिसायला गाडलेल्या कामासारखं नाही, पण भिंत अखंड राहते, काही बिघडलं तर दहा मिनिटांत उघडतं, आणि ओलीची भीती नाही. चिऱ्यात स्क्रू धरत नाहीत ही तक्रार असते. ८ मिमीचं भोक, लांब नायलॉन प्लग, आणि भोक पोकळीत गेलं तर ते मसाल्याने भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडायचं. लाकडाची खुंटी ठोकू नका, ती फुगते आणि सुकून सुटते.

खाणवाट
पश्चिमेच्या भिंतीबद्दल पूर्ण सहमत, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. आतल्या भिंतींना मात्र गाडलेलाच पाइप चांगला. स्वयंपाकघरात बाहेरच्या पाइपावर तेलकट काजळी बसते आणि त्यामागे झुरळं घर करतात.

माजघर
सगळ्यांचे आभार. मोजून आलो. ओटा दक्षिणेच्या भिंतीला आहे, म्हणजे तीही बाहेरचीच. पण तिच्या बाहेर पडवी आहे, त्यामुळे भिंतीला थेट पाऊस लागत नाही. गिलावा २२ मिमी भरला. फ्रिज मधल्या भिंतीला सरकवता येईल. म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवर नवीन काहीच येणार नाही.

झिणझिण्यांचं वायरमनला विचारलं. त्याने सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दाखवला. बल्ब चांगला पेटला, म्हणून अर्थिंग ठीक आहे म्हणाला. तरीही झिणझिण्या येतात म्हटल्यावर सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतो म्हणाला. ते केल्यावर थांबतं म्हणे. करू द्यावं का?

अर्थपिट
मुळीच नको. आणि तोपर्यंत फ्रिजला अनवाणी हात लावू नका, विशेषतः ओल्या जमिनीवर उभं राहून.

न्यूट्रल-अर्थ जोडल्यावर झिणझिण्या थांबतात हे खरं, कारण फ्रिजचा पत्रा न्यूट्रलला बांधला जातो. पण उद्या मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला, जुन्या किटकॅटमध्ये, खांबावरच्या जोडात, कुठेही, तर फ्रिजच्या मोटरमधून आलेली फेज परतायला वाट नसल्याने त्या तुकड्यातून थेट पत्र्यावर येते. फ्रिज बंद पडलेला दिसतो, कुणीतरी काय झालं म्हणून दार उघडायला जातं, आणि दाराला पूर्ण २३० व्होल्ट असतात. पावसाळ्यात वारा सुटला की गावाकडे न्यूट्रल सुटणं ही काही अपवादाची गोष्ट नाही.

आता बल्बची चाचणी. १०० वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना साधारण ५२९ ओहम असतो. तुमच्या अर्थ पिटाचा (अर्थिंगसाठी पाइप गाडलेल्या खड्ड्याचा) रोध ५० ओहम आहे असं धरा, म्हणजे वाईट. तरीही बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि डोळ्यांना तो जवळपास पूर्ण पेटलेला दिसतो. या चाचणीतून एवढंच कळतं की वायर तुटलेली नाही. अर्थ किती चांगली आहे हे कळत नाही. ते अर्थ टेस्टरनेच मोजावं लागतं, दोन खुंट्या जमिनीत ठोकून.

हा रोध इतका महत्त्वाचा का, ते नीट बघा, कारण पॉइंट वाढवण्याच्या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. समजा इंडक्शनच्या आत फेज सुटून पत्र्याला लागली आणि अर्थचा रोध ३० ओहम आहे. वाहणारा करंट २३० भागिले ३०, म्हणजे सुमारे साडेसात अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने हलतही नाही. तो झटक्यात पडायला सी-कर्व्हमध्ये दहापट, म्हणजे १६० अँपिअर लागू शकतात. त्यासाठी पूर्ण वाटेचा रोध दीड ओहमच्या आत हवा. कातळावरच्या घरात एका अर्थ पिटाने ते साधत नाही. म्हणजे एमसीबी चालू, पत्र्यावर जवळपास पूर्ण दाब, आणि कुणालाच पत्ता नाही.

म्हणून आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरचा, दोन पोलचा, ४० अँपिअरचा. त्याला ३० ओहम अर्थवर फक्त ०.९ व्होल्ट पुरतात. बिघाड होताक्षणी, कुणी हात लावायच्या आत, तो पडतो. अर्थ नसेल तरीही तो माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटवर पडेल, पण मग आधी माणसाला धक्का बसलेला असतो. म्हणून दोन्ही हवेत. आणि आरसीसीबी जास्त भारापासून वाचवत नाही, त्यामुळे एमसीबी काढायचा नाही. एकाच माणसाने एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर आरसीसीबीलाही ते कळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

अर्थ पिट कुठे करावा? घराच्या पायापासून निदान दीड मीटर लांब, आणि जिथे वर्षभर ओल राहते तिथे. परसदारी मोरीचं पाणी ज्या माडाच्या अळ्यात सोडलेलं असतं, त्याच्या कडेची जागा उत्तम. अगदी बुंध्याशी नको. नियमाप्रमाणे ४० मिमी व्यासाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, अडीच मीटर लांब, उभा गाडायचा. अडचण अशी की तुमच्या भागात बहुधा दोन फुटांवर कातळ लागतो. तो फोडत बसण्यापेक्षा वाडीत जिथे भराव किंवा खोल माती आहे ती जागा शोधा आणि तिथून वायर आणा. तेही नसेल तर दोन-तीन रॉड एकमेकांपासून त्यांच्या लांबीइतक्या अंतरावर ठोकून एकत्र जोडा. मीठ-कोळशाची जुनी पद्धत काही वर्षं चालते, पण मीठ पावसात वाहून जातं आणि जाताना पाइपही खातं. बेंटोनाइटची पूड जास्त टिकते.

पिटापासून डीबीपर्यंत ८ गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार चालते. जमिनीखालचा भाग पाइपातून न्या, नाहीतर पहिल्या कुदळीला तुटते. जोडावर लग, नट, वॉशर, आणि वर ग्रीसचा थर. खाऱ्या हवेत तांबं आणि जस्त थेट एकमेकांना लावलं की जोड गंजतो आणि सैल होतो.

उन्हाळ्यात मे महिन्यात रोध मोजा. जुलैत कुठलाही पिट चांगलाच दिसतो.

तारजोडणी
आता सामान. माळ्यावरून वाट धरली तर डीबीतून वर सव्वा मीटर, आडवं ९, खाली पावणेदोन, म्हणजे १२ मीटर. टोकांना प्रत्येकी वीतभर शिल्लक आणि स्वयंपाकघरातल्या पॉइंटमधली लूप धरून अडीच एमएमची वायर लाल, काळी आणि हिरवी प्रत्येकी ३० मीटर लागेल. पूर्ण गुंडाळी ९० मीटरची येते. बहुतेक दुकानदार मीटरवर सुटीही देतात, पण आयएसआयचा शिक्का आणि आकार वायरवरच छापलेला आहे का, ते कापण्याआधी वाचा. माजघरासाठी दीड एमएमची प्रत्येक रंगाची १५ मीटर.

पाइप ३ मीटरच्या लांबीत येतो. स्वयंपाकघराची दोन्ही सर्किटं एकत्र, म्हणजे सहा वायरी, २५ मिमी पाइपातून: चार नग. भिंतीतल्या उभ्या उतरणीला प्रत्येकी तीनच वायरी असतील तर २० मिमी: तीन-चार नग. माळ्यावर जिथे फाटा फुटतो तिथे जंक्शन बॉक्स ठेवा, उघडता येईल असा. वळणाला लांब बेंड वापरा, काटकोनी एल्बो नको. दोन ओढण्याच्या जागांमध्ये दोनच्या वर बेंड आले की वायर अडकते, मग ओढाताणीत इन्सुलेशन सोलतं, आणि तो सोललेला भाग पहिल्या पावसापर्यंत कुणाला कळत नाही. सगळे जोड सॉल्व्हंटने चिकटवा. वायर पाइपात घालायची ती गिलावा वाळल्यावर, आधी नाही. पाइपाच्या आत कुठेही जोड करायचा नाही, जोड फक्त बॉक्समध्ये.

बॉक्स: १६ अँपिअरचा सॉकेट दोन मॉड्यूल (एका स्विचची जागा म्हणजे एक मॉड्यूल) आणि त्याचा स्विच एक, म्हणजे इंडक्शनला ३ मॉड्यूल. मिक्सर-किटलीला ६ मॉड्यूलचा एक, फ्रिजला ३ चा. माजघरात दोन ठिकाणी ६ मॉड्यूल, सॉकेटपुढे स्विच घातलेच पाहिजेत. तुमच्याकडच्या हवेला जाड पीव्हीसीचे बॉक्स बरे. मेटलचे घेतले तर प्रत्येकाच्या कानाला अर्थ बांधा. ओट्याच्या वर २०० ते ३०० मिमी, सिंकपासून निदान एक मीटर लांब, आणि शेगडीच्या सरळ वर कधीही नाही. नदीकाठचं घर असेल त्यांनी माजघरातले पॉइंट जमिनीपासून ९ इंचांवर न ठेवता चार फुटांवर घ्यावेत. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराने खालचे बोर्ड किती घरांतून काढायला लावले हे तिकडच्यांना सांगायला नको.

जोडणी: सॉकेट समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. स्विच फेजमध्ये. वायरचं टोक ८ ते १० मिमीच सोलायचं, स्क्रू घट्ट केल्यावर एकेक वायर ओढून बघायची. इंडक्शनचे सॉकेट काळे पडतात ते बहुधा भारामुळे नाही, सैल स्क्रूमुळे. महिनाभर वापरल्यावर मेन बंद करून तो एकदा पुन्हा आवळा.

काम सुरू करताना मेन काढला तरी मीटरपासून मेनपर्यंतची वायर जिवंतच असते. तिला हात लावायचा नाही. मीटरचं सीलही तोडायचं नाही, ते वीज कंपनीकडूनच. टेस्टर आधी चालू पॉइंटला लावून पेटतो याची खात्री करा, मग बंद केलेल्या ठिकाणी लावा. नुसता ‘पेटला नाही’ हा पुरावा नाही, टेस्टर बिघडलेला असू शकतो.

चालू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासून घ्या: सर्व उपकरणं काढून, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. प्रत्येक वेळी एक मेगाओहमच्या वर हवं. नवीन कोरड्या कामात प्रत्यक्षात त्याच्या शेकडोपट येतं. दोन-तीन मेगाओहमच आले तर पास म्हणून सोडू नका. कुठेतरी ओल किंवा सोललेली वायर आहे.

माजघर
डीबी, आरसीसीबी आणि अर्थ पिट, तिन्ही ठरवलं. फक्त एक शंका. जुनी दिव्यांची लाइनही त्याच आरसीसीबीखाली घ्यायची का? शेजारच्या घरी तसं केलं तर माजघराचा दिवा लावला की आरसीसीबी पडायचा. शेवटी त्यांनी आरसीसीबीच काढून टाकला.

तारजोडणी
तो उसना न्यूट्रल. पट्टीवरच्या जुन्या कामात वायर वाचवायला एका फ्यूजची फेज आणि दुसऱ्या फ्यूजच्या लाइनचा न्यूट्रल असा दिवा जोडलेला असतो. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट ताडून बघतो. फेज त्याच्यातून गेली आणि न्यूट्रल बाहेरच्या बाहेर परतला की तो गळती समजून पडतो. तो बिघडलेला नसतो, त्याने नेमकी खोट दाखवलेली असते.

शोधायचं असं: सगळे एमसीबी बंद, डीबीच्या न्यूट्रल पट्टीवरून जुन्या लाइनचे न्यूट्रल सुटे करा. मेन बंद ठेवून कंटिन्युइटी टेस्टर (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते दाखवणारा) लावा. दोन वेगळ्या सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांना लागत असतील तर ते कुठल्या बोर्डात एकत्र बांधलेत ते एकेक बोर्ड उघडून शोधा. साधारण ते जिन्याच्या किंवा पडवीच्या दिव्यावर निघतं, जिथे दोन्हीकडून वायर येते.

ते सापडेपर्यंत दोन आरसीसीबी बसवा: एक फक्त नव्या तीन सर्किटांना, दुसरा जुन्या लाइनला. दोघांचे न्यूट्रल बार वेगळे. मग जुन्या लाइनमध्ये पावसात काही झालं तरी फ्रिज चालू राहतो.

अर्थपिट
एक भर. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्याला एकदा दाबा, पण ते फक्त आतली यंत्रणा तपासतं, अर्थ नाही. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर नवा आरसीसीबी पडायला लागला तर सगळ्या पिना काढा, एमसीबी सगळे खाली करा, आरसीसीबी चढवा आणि एमसीबी एकेक वर करत जा. ज्यावर पडेल ते सर्किट. सगळे खाली असतानाही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी ओल्या भिंतीला लागलाय. एकपोली एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून न्यूट्रल बारवरून एकेक वायर सुटी करून बघावं लागतं. पहिला संशय पश्चिमेच्या जुन्या बोर्डावर घ्या. ती लाइन अजून तिथेच आहे.